नेहमीपेक्षा किती जास्त?



संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला भरलेलं सभागृह पाहायची सवय नसते. वर्गात पहिला बाक रिकामा आणि शेवटचा बाक भरलेला, हीच आमची उपस्थिती. त्यामुळे आज संयोजकांनी बोलावलं तेव्हा मी त्यांना आधीच विचारलं, विषय मृत्युदराचा आहे, लोक येतील का? ते म्हणाले, सर, कोविडमध्ये घरातलं माणूस गेलं नाही असं घर सांगलीत शोधावं लागेल, लोक येतील.

आपण आलात. म्हणून प्रश्न सरळ मांडतो. महामारीत किती माणसं गेली, हे कसं ठरवायचं?

वरवर पाहता यात ठरवण्यासारखं काय आहे? गेलेली माणसं मोजायची, संपलं. पण मोजायला बसलं की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: गेलेली सगळी, की महामारीनं नेलेली? आणि महामारीनं नेलं हे कुणी सांगायचं? डॉक्टरनं? प्रयोगशाळेनं? घरच्यांनी? २०२० साली ज्याची तपासणी झाली आणि अहवाल पॉझिटिव्ह आला, तो माणूस कोविडच्या यादीत गेला. त्याच्याच शेजारच्या वाडीतला, तोच खोकला, तोच ताप, तीच धाप. पण तपासणी केंद्र तालुक्याला, एस.टी. बंद, आणि तिसऱ्या दिवशी खेळ खल्लास. त्याची नोंद काय? ‘ताप’. किंवा ‘वृद्धापकाळ’. किंवा सगळ्यात सोयीची, ‘हृदयक्रिया बंद पडून’. मी डॉक्टर मित्रांना गमतीनं म्हणतो, हृदयक्रिया बंद न पडता मेलेला एक तरी माणूस दाखवा.

तेव्हा मृत्यूचं कारण ही डळमळीत गोष्ट आहे. ती तपासणीवर अवलंबून, डॉक्टरच्या अक्षरावर अवलंबून, सरकारच्या व्याख्येवर अवलंबून आणि घरच्यांच्या भीतीवर अवलंबून. मृत्यू मात्र डळमळीत नाही. माणूस आहे किंवा नाही. म्हणून फार पूर्वी काही शहाण्या लोकांनी ठरवलं, कारण विचारायचंच नाही. फक्त एवढंच विचारायचं: या काळात एकूण किती माणसं गेली, आणि नेहमी किती जातात? दोहोंतला फरक म्हणजे अतिरिक्त मृत्यू. नेहमीपेक्षा किती जास्त, एवढंच.

ही कल्पना कोविडमध्ये जन्मलेली नाही. लंडनमध्ये सतराव्या शतकात दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापल्या जात. कोण कशानं मेलं हे ठरवायला प्रेतं पाहायला पाठवत गरीब, म्हाताऱ्या बायकांना. घरावर प्लेगचा शिक्का बसला तर अख्खं घर आतून-बाहेरून बंद. मग त्या बाईच्या हातावर चार पैसे ठेवून प्लेगऐवजी दुसरंच काही लिहून घेणारे लोक नसतील का? जॉन ग्रॉन्ट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानं १६६२ साली या याद्या घेऊन हिशेब मांडला. त्याच्या लक्षात आलं की प्लेगच्या वर्षी ‘प्लेग सोडून इतर’ कारणांचे मृत्यूही एकाएकी फुगतात. इतर रोगांना त्याच वर्षी काय धाड भरली? त्यानं निष्कर्ष काढला, प्लेगचे जवळपास पाव मृत्यू दुसऱ्या नावाखाली लपले आहेत. पुढे १८४७ साली लंडनला इन्फ्लुएंझाची साथ आली, तेव्हा विल्यम फार या नोंदणी कार्यालयातल्या माणसानं एकूण मृत्यूंमधून नेहमीचे वजा केले आणि दाखवलं, इन्फ्लुएंझाच्या नावावर जेवढे लिहिले आहेत त्याहून कितीतरी जास्त माणसं या साथीनं नेली आहेत. आजही जगभर जे करतात ते मुळात हेच.

आपल्याकडे हे पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसलं ते मुंबईत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मूळचे गोव्याचे हे डॉक्टर. ओळखल्याबद्दल त्यांचे आभार मानण्याऐवजी आधी शंकाच घेतल्या गेल्या. पण मुंबई महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे एक चांगली सवय होती. दर आठवड्याला शहरात किती माणसं मेली याचा तक्ता निघायचा आणि शेजारी आधीच्या वर्षांतल्या त्याच आठवड्याची सरासरी असायची. तक्ता ओरडून सांगत होता: प्लेगच्या रकान्यात जेवढे आकडे आहेत, त्यापेक्षा एकूण वाढ कितीतरी मोठी आहे. ताप, न्यूमोनिया, क्षय हे रकाने फुगलेले. का? कारण लोक लपवत होते. प्लेग म्हटलं की माणूस इस्पितळात, घरचे छावणीत, सामान रस्त्यावर, आणि गोरे सोजीर माजघरात. पुण्यात रँडच्या वेळी काय झालं ते आपण शाळेत शिकलो आहोत. भीतीनं माणसं रोगाचं नाव लपवू शकत होती, मढं लपवणं अवघड होतं.

पण याच मुंबईनं दुसरी अडचणही दाखवली. १८९७ च्या सुरुवातीला जवळपास निम्मं शहर पळून गेलं. कोकणात, देशावर, गुजरातेत. आठ लाखांच्या शहरात चार लाख उरले, तर ‘नेहमीचे’ मृत्यू किती धरायचे? आठ लाखांचे की चार लाखांचे? आणि जे पळून गेले ते गावी जाऊन मेले, त्यांची नोंद कुठल्या वहीत? हा प्रश्न मनात ठेवा. २०२० च्या मेमध्ये मुंबई-पुण्याहून चालत निघालेली माणसं आठवा, म्हणजे तो जुना वाटणार नाही.

आता दुसरा मुद्दा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि टीव्हीवरच्या चर्चेत सगळ्यात कमी बोलला जाणारा. ‘नेहमीपेक्षा जास्त’ म्हणताना नेहमीचं म्हणजे किती?

तुम्ही सांगलीकर. कृष्णेला पाणी चढायला लागलं की तुम्ही आयर्विन पुलाकडे बघता. पुलावर फुटांच्या खुणा आहेत म्हणून तुम्ही म्हणू शकता, पाणी धोक्याच्या वर गेलं. त्या खुणा पूर आल्यावर रंगवलेल्या नाहीत. कुणीतरी कोरड्या दिवसांत बसून रंगवल्या आहेत. मृत्यूंचंही तसंच. महामारीत किती गेले हे सांगायला महामारीच्या आधीची साधी, कंटाळवाणी, कुणाच्याच लक्षात न राहिलेली वर्षं नीट मोजलेली असावी लागतात.

आणि ती मोजलेली असली तरी त्यांच्यातून पुढचा अंदाज काढणं सोपं नाही. मागच्या पाच वर्षांची सरासरी घ्या, असं कुणीही म्हणेल. पण लोकसंख्या वाढते आहे, म्हातारी माणसं वाढताहेत. मग महामारी नसतीच तरी मृत्यू थोडे वाढलेच असते. म्हणजे सरासरी कमी पडते, कल पाहावा लागतो. कल पाहायला गेलात तर तोही फसवतो. जागतिक आरोग्य संघटनेसारख्या संस्थेचं काय झालं पाहा. मे २०२२ मध्ये त्यांनी जगभरचे अंदाज जाहीर केले, त्यात जर्मनीचे अतिरिक्त मृत्यू ब्रिटनपेक्षाही जास्त दिसले. जर्मन लोक हादरले. खोलात गेल्यावर कळलं, २०१९ साली जर्मनीत योगायोगानं कमी माणसं मेली होती. गणिती वक्ररेषेनं ते शेवटचं टोक पकडलं आणि पुढे सरळ खालीच नेलं. अपेक्षित मृत्यू कमी आले, म्हणून अतिरिक्त जास्त आले. संघटनेनं लवकरच जर्मनीचा आणि स्वीडनचा हिशेब दुरुस्त केला. जर्मनीत प्रत्येक मृत्यूची नोंद होते, तिथं ही गत.

मग आपली काय गत असेल?

आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. मृत्यू झाला की एकवीस दिवसांत नोंद करायची. शहरात नगरपालिकेत, गावात ग्रामपंचायतीत. एकवीस दिवस उलटले तर विलंब शुल्क, महिना उलटला तर लेखी परवानगी, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. कायदा कडक आहे. पण माणूस मेल्यावर माणसं कायद्यासाठी दाखला काढत नाहीत, गरजेसाठी काढतात. सातबाऱ्यावर वारसनोंद लावायची आहे, विमा काढलेला आहे, पेन्शन आहे, बँकेत ठेव आहे. की लगेच दाखला. जिच्या नावावर सातबारा नाही, विमा नाही, पेन्शन नाही, तिचा दाखला कशाला? मी बोलतोय बायकांबद्दल. आणि तान्ह्या मुलांबद्दल. नोंदणीच्या वहीत सगळ्यात जास्त गळती यांची.

नोंदणी सुधारत गेली आहे, हे चांगलंच. पण सुधारणाच हिशेब गुंतागुंतीचा करते. २०१८ साली देशात सुमारे ६९.५ लाख मृत्यूंची नोंद झाली. २०१९ साली ७६.४ लाख. म्हणजे एका वर्षात जवळजवळ सात लाखांची वाढ, आणि तेव्हा कोविडचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं! माणसं जास्त मेली नव्हती, वह्या जास्त भरल्या होत्या. मग २०२० साली ८१.२ लाख नोंदले गेले, तेव्हा सरकार म्हणालं, ही वाढ म्हणजे कोविड नव्हे, ही नोंदणीची प्रगती. टीकाकार म्हणाले, टाळेबंदीत कचेऱ्या बंद होत्या, नोंदणी उलट घटली असणार, म्हणजे खरी वाढ यापेक्षा मोठी. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघांपैकी कुणालाही आपलं म्हणणं नुसत्या त्या वहीवरून सिद्ध करता येत नाही.

तिसरा मुद्दा थोडक्यात, कारण तो समजायला सोपा आहे. अतिरिक्त मृत्यू ही गोळाबेरीज असते. त्यात विषाणूनं थेट नेलेले असतात. विषाणूची लागण न होताही त्याच्यापायी गेलेले असतात: डायलिसिस चुकलेला रुग्ण, छातीत कळ आल्यावर इस्पितळात जायला घाबरलेला माणूस, रुग्णवाहिका न मिळालेली बाळंतीण. आणि त्यातून वजा झालेलेही असतात. देशात २०१९ साली रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ५१ हजार माणसं गेली, २०२० साली सुमारे १ लाख ३२ हजार. मुंबईच्या लोकलमार्गांवर २०१९ मध्ये अडीच हजारांहून अधिक माणसं दगावली होती. २०२० मध्ये गाड्याच बंद, तो आकडा निम्म्याच्याही खाली आला. न्यूझीलंडमध्ये तर २०२० साली अतिरिक्त मृत्यू उणे निघाले. सीमा बंद केल्यानं हिवाळ्यातला फ्लूच आला नाही.

मुंबई शहराचं उदाहरण घेऊ, कारण तिथं मृत्यूची नोंद जवळपास पूर्ण होते. २०१९ साली तिथं सुमारे ९१ हजार मृत्यू नोंदले गेले, २०२० साली १ लाख १२ हजारांच्या आसपास. वीस-एकवीस हजारांची वाढ. कोविडच्या यादीत त्या वर्षीचे सुमारे अकरा हजार. उरलेल्या नऊ-दहा हजारांचं काय? तपासणी न झालेले कोविड रुग्ण किती आणि उपचार न मिळालेले इतर रुग्ण किती, हे एकूण आकडा सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठी त्याचा जन्मच नाही. वर आणखी एक भानगड: नोंद होते ती जिथं मृत्यू झाला तिथं, माणूस राहतो तिथं नव्हे. याचा अर्थ मिरजेच्या लोकांना समजावून सांगायला नको. बेळगाव, विजापूर, जत, सांगोला, कुठून कुठून लोक मिरजेला उपचाराला येतात. तिथं मेलेला माणूस मिरजेच्या वहीत चढतो आणि आपल्या तालुक्याच्या वहीतून गळतो. म्हणून कुणी तुम्हाला तालुकावार तुलना दाखवली, तर आधी विचारा, इस्पितळं कुठे आहेत?

आता वादाकडे येतो. त्याच्यासाठीच तुम्ही थांबला आहात हे मला माहीत आहे.

२०२१ च्या अखेरपर्यंत भारताचा अधिकृत कोविड मृत्यूंचा आकडा होता ४ लाख ८१ हजार. ५ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, दोन वर्षांत भारतात अतिरिक्त मृत्यू सुमारे ४७ लाख. जवळजवळ दहापट. जगाचा त्यांचा एकूण अंदाज दीड कोटींच्या घरात, म्हणजे त्यातला सुमारे तिसरा हिस्सा एकट्या भारताचा. सरकारनं हा आकडा फेटाळला. म्हणाले, सगळ्या देशाची संपूर्ण आकडेवारी न वापरता काही राज्यांच्या आकड्यांवरून गणिती प्रतिमान बांधून काढलेला आहे. आणि दोनच दिवस आधी, ३ मेला, सरकारनं २०२० चा नोंदणी अहवाल प्रसिद्ध केला होता. योगायोग मानायचा असेल तर माना.

वर्तमानपत्रांत ४७ लाख हा आकडा गाजला. त्याच्या पुढचा कंस मात्र फारच थोड्यांनी छापला. संघटनेनं स्वतःच सांगितलं होतं, हा अंदाज ३३ लाख ते ६५ लाख यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. संख्याशास्त्रज्ञ कंस लिहितो तेव्हा तो प्रामाणिकपणा असतो, पण वाचणाऱ्याला ती पळवाट वाटते. इतरही अभ्यास झाले. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरध्वनी सर्वेक्षण आणि सरकारी नोंदी वापरून जुलै २०२१ पर्यंत ३२ लाखांच्या आसपास सांगितले. इतरांनी ३४ लाखांपासून ४९ लाखांपर्यंत. पद्धती वेगळ्या, माहिती वेगळी, आणि तरीही कुणाचाच आकडा पाच लाखांच्या जवळपास फिरकला नाही. याचं काय करायचं?

सरकारच्या बाजूचा एक मुद्दा मला मान्य आहे. सगळ्या राज्यांचे आकडे वेळेत नव्हते, म्हणून प्रतिमान लागलं, आणि प्रतिमानात गृहीतकं असतात. पण आकडे वेळेत का नव्हते? ते कुणाकडे होते? ज्याच्या तिजोरीत वही आहे त्यानं वही उघडायची नाही आणि बाहेरच्यानं अंदाज केला की म्हणायचं, वही न पाहता बोलतो, हा युक्तिवाद गावच्या पंचायतीतसुद्धा टिकत नाही.

वही अखेर उघडली मे २०२५ मध्ये. २०२१ सालच्या नोंदींचा अहवाल, चार वर्षांनी. त्यात २०२१ साली देशात नोंदलेले मृत्यू १ कोटी २ लाख. आदल्या वर्षी ८१ लाख. एका वर्षात २१ लाखांची वाढ. त्या वर्षीचा अधिकृत कोविड आकडा होता सुमारे सव्वातीन लाख. आता कुणी म्हणेल, ही पुन्हा नोंदणीची प्रगती. मीही तपासून पाहिलं. कोविडनं गेलेल्याच्या घरच्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पन्नास हजार रुपये मिळणार होते, त्यासाठी दाखला लागत होता. त्यामुळेही वह्या भरल्या असतील, नाही असं नाही. पण त्याच महिन्यात दुसरा अहवाल आला, नमुना नोंदणी पाहणीचा. ही पाहणी वेगळी असते. देशभरातली ठरावीक गावं आणि शहरी वस्त्या निवडायच्या आणि तिथं घरोघर जाऊन जन्म-मृत्यू विचारायचे. दाखला काढला की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. या पाहणीत २०२० चा मृत्युदर हजारी ६ होता. २०२१ चा हजारी ७.५. दीडाची वाढ किरकोळ वाटते ना? देशाची लोकसंख्या १३७ कोटींच्या आसपास धरा आणि गुणा. वीस लाखांच्या वर जाते. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले दोन सरकारी आकडे एकाच जागी येऊन भेटले.

यावरून ४७ लाख बरोबर ठरले का? नाही. हे फक्त २०२१ आणि २०२० यांच्यातलं अंतर आहे. २०२० मध्येही महामारी होतीच, आणि वहीबाहेरचे मृत्यू वेगळे. माझं मत विचाराल तर ४७ लाख जरा जास्त असावेत. पण ४ लाख ८१ हजार हा मृत्यूंचा आकडा नव्हता. तो पॉझिटिव्ह अहवालासह, इस्पितळात, यादीत सापडलेल्यांचा आकडा होता. आपल्या महाराष्ट्राची मोजणी त्यातल्या त्यात बरी होती, हे मी आपलेपणानं नव्हे, हिशेबानं सांगतो. तरीही जून २०२० मध्ये जुन्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा एका दिवसात १,३२८ मृत्यू यादीत नव्यानं घालावे लागले. त्यातले ८६२ मुंबईचे. जानेवारी २०२२ पर्यंत राज्याचा अधिकृत आकडा सुमारे १ लाख ४१ हजार आणि पन्नास हजारांसाठी आलेले अर्ज दोन लाखांहून जास्त. अर्जांत दुबार असतील, खोटेही असतील. गुजरातचं काय सांगावं! तिथं अधिकृत मृत्यू दहा हजारांच्या आसपास, आणि मंजूर झालेले अर्ज त्याच्या कितीतरी पट. ज्या सरकारनं मृत्यू नाकारले, त्याच सरकारनं त्यांचे पैसे दिले.

असं करावंच लागतं असं नाही. पेरू या देशानं २०२१ च्या मे महिन्यात तज्ज्ञांची समिती नेमून अधिकृत आकडा तपासून घेतला. आधीचा आकडा होता ६९ हजार. नवा जाहीर केला १ लाख ८० हजार. लोकसंख्येच्या प्रमाणात जगात सर्वाधिक कोविड मृत्यूंचा देश म्हणून त्यांचं नाव लागलं, आणि त्यांनी ते लागू दिलं.

कुणी विचारेल, मेलेली माणसं मोजून आता काय होणार? एकच गोष्ट सांगतो. एकूण आकडा फोडला की दिसतं कोण गेलं. १९१८ च्या इन्फ्लुएंझात मुंबई शहरात ज्यांना तेव्हाच्या कागदांत खालच्या जातीचे म्हटलं आहे, त्यांच्यात हजारी ६१ मृत्यू झाले. पारशांत ९, युरोपियनांत ८. विषाणू एकच. चाळीतली खोली आणि मलबार हिलचा बंगला वेगळे. कोविडवरही २०२४ मध्ये एक अभ्यास आला, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या माहितीवर. त्यात २०२० साली भारतात पुरुषांचं आयुर्मान सुमारे २.१ वर्षांनी घटलं आणि बायकांचं ३.१ वर्षांनी. जगात बहुतेक ठिकाणी पुरुष जास्त गेले, आपल्याकडे उलटं दिसतं आहे. सरकारनं हाही अभ्यास अमान्य केला आहे, आणि त्याच्या नमुन्याबद्दल काही शंका रास्तही आहेत. पण शंका असेल तर प्रश्न सोडायचा की तपासायचा? वयानुसार, लिंगानुसार, जिल्ह्यानुसार फोडलेले आकडे दिले तर दोन दिवसांत कळेल.

१९१८ चं नाव निघालंच आहे, तर जाता जाता त्या आकड्याची कथा ऐका. जूनमध्ये मुंबई बंदरात साथ उतरली, पावसाळ्यात जरा निवली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परत आली ती कुऱ्हाड होऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसं मेली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग झालं होतं. खेड्यात नोंद करायची ती पोलीस पाटलानं, आणि त्याच्याकडे रकाने मोजके: पटकी, देवी, हगवण, ताप. इन्फ्लुएंझाला रकानाच नाही, सगळे तापात. नंतर पाटीलच आजारी पडला, वहीच थांबली. सरकारच्या आरोग्य आयुक्तानं मागच्या वर्षांची सरासरी वजा करून देशभरात साठ लाखांच्या आसपास मृत्यू सांगितले. मग १९२१ ची जनगणना झाली आणि आजच्या भारताच्या हद्दीत दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी आठ लाखांच्या आसपास घटलेली निघाली. असं नंतर कधी झालेलं नाही. १९५१ साली किंग्जले डेव्हिस या अभ्यासकानं त्या जनगणनेवरून मृत्यू काढले ते १ कोटी ८५ लाख. पुढे २०१२ साली जिल्हावार आकड्यांवरून नवा हिशेब झाला: थेट ब्रिटिश अंमलाखालच्या मुलखात १ कोटी ३९ लाख. म्हणजे सांगली संस्थान त्यात नाही. तुमचे पणजोबा अजून मोजायचेच आहेत.

पण बघा, नव्वद वर्षांनीसुद्धा हिशेब दुरुस्त करता आला तो कशाच्या जोरावर? पाटलाच्या अर्धवट वहीच्या आणि वेळेवर झालेल्या जनगणनेच्या. ती मोजणी साथीनंतर अडीच वर्षांच्या आत झाली होती, ठसा ओला असताना. आपली २०२१ ची जनगणना झालीच नाही. १८८१ पासून दर दहा वर्षांनी चालत आलेला क्रम पहिल्यांदा तुटला. आता ती १ मार्च २०२७ च्या संदर्भानं व्हायची आहे. मधली सोळा वर्षं. तेवढ्यात किती जन्म, किती स्थलांतर, किती साधे मृत्यू. २०११ ला जे तीस वर्षांचे होते त्यांतले २०२७ ला सेहेचाळीसचे किती उरले हे कळेल, पण २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये किती गेले हे त्यातून वेगळं काढणं फार अवघड जाईल.

कोतवाल बुकं तुमच्यापैकी अनेकांनी अलीकडे उघडली असतील, कुणबी नोंदी शोधायला. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी गावात जन्मलेल्याचं आणि मेलेल्याचं नाव लिहून ठेवलं, ते कशासाठी उपयोगी पडेल याची त्याला कल्पना नव्हती.

म्हणून एक मागणी करतो आणि थांबतो. १८९६ साली मुंबईत दर आठवड्याला एकूण मृत्यूंचा तक्ता निघत होता, दौत आणि बोरू वापरून. आज प्रत्येक महानगरपालिकेत नोंद संगणकावर होते. सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेनं दर सोमवारी आदल्या आठवड्यातले एकूण मृत्यू प्रसिद्ध करावेत: बायका किती, पुरुष किती, साठीच्या आतले किती, मनपा हद्दीतले किती, बाहेरून आलेले किती, आणि शेजारी मागच्या पाच वर्षांतले त्याच आठवड्याचे. एका पानावर मावेल. नाव नको, कारण नको, खर्च जवळपास नाही. सभागृहात नगरसेवक असतील तर त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटावं, तक्त्याचा नमुना मी सोबत आणला आहे.

आता प्रश्न घेतो.